भांडी बाजारातला इन्स्पेक्टर

नाशकातला सगळ्यात सुखी माणूस कोण, असं मला कोणी विचारलं तर मी डोळे मिटून आमच्या आतोबांकडे बोट दाखवीन, आणि ते ऐकून सगळ्यात जास्त वाईट कोणाला वाटेल तर खुद्द आतोबांनाच. कारण हा माणूस गेली चाळीसेक वर्षं दुःखी दिसण्यासाठी जिवाचं रान करतो आहे. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आयुष्याला विटलेला, माणसांवरचा विश्वास उडालेला, जगातलं सगळं बघून झालेला असा एक चेहरा ते रोज आंघोळीनंतर आरशासमोर उभे राहून जमवतात आणि दुकानाकडे निघतात. पण रविवार कारंज्याच्या चौकापर्यंत कोणी ना कोणी ओळखीचं भेटतंच. "काय शेठ, आज पायी?" एवढंच तो माणूस विचारतो, की आतोबांच्या दोन्ही गालांना खळ्या पडतात, ते त्याच्या मुलीच्या लग्नाचं, आईच्या गुडघ्याचं, गावाकडच्या विहिरीचं सगळं विचारून घेतात आणि मेहनतीने जमवलेला चेहरा तिथेच सांडून पुढे जातात. देवाने तोंडच असं गोल आणि गुळगुळीत दिलं आहे, की त्यावर उदासी ठरत नाही. दुकानात पोचल्यावर ते गल्ल्यामागच्या आरशात पुन्हा एकदा प्रयत्न करतात, तोवर पहिलं गिऱ्हाईक येतं.

या सगळ्याला कारण एक सिनेमा. मराठी, पोलिसी तपासाचा. त्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण सांगून तुम्हाला आठवणार नाही, आणि तुम्हाला आठवलं नाही हे आतोबांच्या कानावर गेलं तर त्यांची दुपारची झोप जाईल. गोष्ट अशी: साखर कारखान्याचं एक गाव आहे. तिथे सतत पाऊस पडतो आणि सतत मळीचा वास येतो. हा वास पडद्यावर कसा कळतो असं मी एकदा विचारलं होतं, तर आतोबा म्हणाले, "मला येतो." कारखान्याच्या वजनकाट्यावरचा एक कारकून नाहीसा होतो आणि त्याच्या तपासाला निवृत्तीला टेकलेला एक इन्स्पेक्टर येतो. बायको माहेरी निघून गेलेली, पोट बिघडलेलं, वरच्या साहेबांशी पटत नाही. अख्ख्या सिनेमात तो एकदाच हसतो, तेही कुत्र्याकडे बघून. गाणं एकही नाही. मारामारी एक आहे आणि तिच्यात इन्स्पेक्टरच मार खातो. असा सिनेमा नाशकात लागला आणि आठवडाही न भरता उतरला, यात नाशिककरांचं फार काही चुकलं असं मला वाटत नाही. आतोबांच्या मते मात्र त्या आठवड्यात या शहराने जे पाप केलं ते गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीत, कितीही डुबक्या मारल्या तरी फिटणारं नाही.

तेव्हा ते नुकते दुकानात बसायला लागले होते. भांडी बाजारातलं तांब्या-पितळेचं वडिलोपार्जित दुकान. आता त्यात निम्म्याहून जास्त स्टीलच असतं, पण पाटी जुनी आहे आणि भांड्यांवर नाव घालून द्यायचं काम आतोबा अजूनही स्वतः करतात. विकत घेतलेल्या घागरीवर, ताटावर, ग्लासावर घरातल्या माणसाचं नाव हवंच, हे आपल्याकडचं जुनं वेड. नाव घालता घालता गिऱ्हाईक समोर बसून राहतं, त्याला उठून जाता येत नाही, आणि आतोबांना नेमकं तेच हवं असतं. जिल्ह्यातली किती तरी माणसं त्या सिनेमाची गोष्ट अशी जबरदस्तीने ऐकून, हातात गरम झालेली परात घेऊन आपापल्या गावी गेली आहेत. त्यातल्या सायखेड्याच्या एका शेतकऱ्याची हकिकत आमच्या घरात अजून सांगितली जाते. हा गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी भांडी घ्यायला आलेला. ऊस पिकवणारा. त्याने गोष्ट शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाला, "शेठ, पिक्चर काढणाऱ्यानं ऊस कधी पाह्यला नाय वाटतं." आतोबांचा हात थांबला. "का?" "भर पावसात कारखाना चालू कसा राहील? गळीत तर दिवाळीच्या पुढं सुरू व्हतं. पावसाळ्यात बॉयलर थंड असतो." आतोबा म्हणाले, "अवकाळी पाऊस आहे तो." शेतकरी म्हणाला, "पहिल्यापासून शेवटपर्यंत? लय मोठा अवकाळी मग." त्या दिवशी आतोबांनी त्याच्या अर्ध्या भांड्यांवर नावं घातली आणि उरलेल्यांसाठी मशीन बिघडल्याचं सांगितलं. त्यांच्या हातून गिऱ्हाइकाला झालेली ही मला माहीत असलेली सर्वांत कठोर शिक्षा. पण गंमत पुढेच आहे. त्या लग्नाला ते आमंत्रणावरून गेले, पंगतीत वाढायला उभे राहिले, आणि तो शेतकरी आजतागायत दर हंगामात त्यांच्याकडे उसाची मोळी पाठवतो.

तर असा हा सिनेमा त्यांनी अंगाला लावून घेतला. इन्स्पेक्टर रेनकोट घालतो म्हणून यांनी मेन रोडवरून करड्या रंगाचा एक लांब रेनकोट घेतला आणि तो नाशकाच्या कोरड्या उन्हाळ्यात कॉलर उभी करून वापरला. घामाने अंगावर पुरळ उठलं, तेव्हा आत्याने तो रेनकोट मोरीच्या खिडकीला लावून टाकला. इन्स्पेक्टर कोरा चहा पितो, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. आतोबाही कोपऱ्यावरच्या चहावाल्याला रोज हाक मारून तसाच सांगतात. चहावाला "आणतो" म्हणतो आणि नेहमीचा भरपूर दुधाचा, आलं घातलेला गोड चहा आणून ठेवतो. दोघांनीही याविषयी कधी एक शब्द काढलेला नाही. आतोबा तो गोड चहा अतिशय कडवट तोंड करून पितात आणि बशीतला शेवटचा थेंबही सोडत नाहीत. इन्स्पेक्टर वाक्यं अर्धवट सोडतो. तेही यांनी उचललं. "माणूस शेवटी..." असं म्हणून ते रस्त्याकडे बघत राहतात आणि समोरच्याने "शेवटी काय?" असं विचारण्याची वाट बघतात. एकदा एक बाई कुकरचं झाकण घेऊन आल्या होत्या. आतोबा झाकण हातात घेऊन म्हणाले, "बाई, माणूस शेवटी..." बाई म्हणाल्या, "माणसाचं राहू द्या हो, शिट्टी होत नाहीये ती बघा." त्यांनी ती बघितली, रबर बदललं, बाईंच्या सुनेचं बाळंतपण कुठे करायचं यावर अर्धा तास चर्चा केली आणि त्या गेल्यावर पुन्हा उदास होऊन बसले.

नुसतं उदास दिसून त्यांचं भागत नव्हतं. तपासही करायचा होता. पण भांडी बाजारात खून पडत नाहीत, फार तर माप हुकतं. शेवटी त्यांनी स्वतःसाठी हरवलेल्या भांड्यांचं खातं उघडलं. लग्नकार्यात इकडची पातेली तिकडे जातात, वाट्या बदलतात, कोणाचा तरी तांब्या कोणाकडे तरी मुक्कामाला राहतो. अशी भांडी लोक आतोबांकडे घेऊन येत आणि ते वरचं नाव बघून, अक्षर कोणत्या कारागिराचं हे ओळखून मालक शोधून देत. यात ते खरोखर हुशार आहेत, हे कबूल करायला हवं. पण त्यांची सर्वांत गाजलेली केस घरचीच होती. आमच्याकडे शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. आत्याने एका दिवाळीत शेजारच्या वहिनींना डबाभर अनारसे पाठवले आणि डबा परतच येईना. डबा साधा नव्हता. आत्याच्या माहेरचा पितळी डबा, त्यावर तिचं माहेरचं नाव. ती दोन-तीनदा हळहळली, तेव्हा आतोबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तपास माझ्याकडे दे."

मोरीच्या खिडकीचा रेनकोट निघाला. आतोबा वहिनींकडे गेले. वहिनी म्हणाल्या, "अगबाई, तुमचाच होता का तो? मी त्यातून वरच्या मजल्यावर लाडू दिले." "पण वर नाव होतं ना!" "भांड्यावरचं नाव कोण वाचतं भाऊजी?" हा घाव आतोबांच्या वर्मी बसला, पण त्यांनी तो गिळला, सोबत वहिनींचे दोन लाडूही. वरच्या मजल्यावरून डबा करंज्या घेऊन कॉलेज रोडला गेला होता, तिथून शंकरपाळे घेऊन परत आमच्याच गल्लीच्या तोंडाशी. प्रत्येक घरात आतोबा दाराच्या चौकटीला टेकून, थकलेल्या आवाजात प्रश्न विचारत आणि प्रत्येक घरात त्यांना आत ओढून फराळाचं ताट पुढे केलं जाई. शेवटच्या घरी त्यांनी खूप खोदून विचारलं. त्या घरच्या आजींना काहीच आठवेना. संध्याकाळी आतोबा घरी आले, खुर्चीत कोसळले आणि म्हणाले, "धागा तुटला. तिथून पुढे अंधार आहे. त्या आजी काहीतरी लपवताहेत." आत्या म्हणाली, "आणि हे काय आणलंत?" "चिवडा दिलाय त्यांनी तुझ्यासाठी." आत्याने त्यांच्या काखेतला चिवड्याचा डबा घेतला, पदराने पुसला आणि आपलं माहेरचं नाव त्यांच्या नाकासमोर धरलं. पुढे बरेच दिवस आमच्याकडे कोणाला चष्मा सापडेना झाला की घरातले म्हणत, आतोबांना बोलवा, ते शोधत येतील आणि तो त्यांच्या नाकावर असेल.

एवढं सगळं हसण्यावारी नेणाऱ्या आतोबांच्या मनात एकच गोष्ट खरोखर सलत होती. तो सिनेमा त्यांना आत्याला दाखवायचा राहिला होता. लग्नाला थोडेच महिने झाले होते. आधी बायकोला दाखवण्याजोगा आहे का ते बघून येतो म्हणून ते एकटे गेले आणि बाहेर आले ते वेगळेच माणूस होऊन. पुढच्या शनिवारची दोन तिकिटं काढायचं त्यांनी ठरवलं. मधल्या दिवसांत ते पुन्हा पुन्हा एकटे जाऊन आले, कारण राहवेना. शनिवारी आत्या नवी साडी नेसली, गजरा माळला, सासूची परवानगी काढून पहिल्यांदा नवऱ्याबरोबर एकटी बाहेर पडली. थिएटरसमोर पोचली तर माणूस शिडीवर चढून दुसऱ्याच सिनेमाचं पोस्टर चिकटवत होता. खाली इन्स्पेक्टरचा अर्धाच चेहरा उरला होता. आतोबा तिथेच फुटपाथवर उभे राहिले. नव्या नवरीला काय बोलावं कळेना, म्हणून ते सिनेमाची गोष्टच सांगायला लागले. आत्याने कान झाकून घेतले. "नका सांगू. मी बघेन तेव्हा बघेन." मग दोघं भेळ खाऊन घरी आले. आत्या तेव्हापासून त्या इन्स्पेक्टरला रडका पोलीस म्हणते, पण गोष्ट मात्र तिने कधी ऐकून घेतली नाही. जिल्हाभर माहीत असलेली ती गोष्ट माहीत नसलेली बहुधा ती एकटीच बाई.

त्यामुळे आतोबांनी तो सिनेमा शोधायला सुरुवात केली. थिएटर बंद झालं, तिथे आता चारचाकी उभ्या करतात. कॅसेटचा जमाना आला, गेला. सीडीचा आला, तोही गेला. टीव्हीवर जुने सिनेमे लागायला लागले, आतोबा दर आठवड्याला कार्यक्रम बघत, तो कधी लागला नाही. मनमाडला एका जुन्या तंबू थिएटरवाल्याकडे त्याची रिळं आहेत असं कोणीतरी सांगितलं, तर हे पहाटेच्या गाडीने गेले आणि गंजका डबा उराशी धरून संध्याकाळी परतले. ओळखीच्या एका म्हाताऱ्या ऑपरेटरने रीळ उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाला, "शेठ, ही नागीण आहे." खरोखरच त्यात नागपंचमीचं काहीतरी चाललं होतं. आत्या हसून हसून बेजार झाली. मग ताट वाढताना म्हणाली, "जाऊ द्या हो, मिळेल कधीतरी. मी काही पळून जात नाही." या वाक्यावर आतोबा कितीतरी वर्षं निश्चिंत होते.

मग आत्याच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागली, मग वाढताना भाजी ताटाबाहेर पडायला लागली. ती वेंधळेपणाच्या नावावर घालत राहिली आणि आम्हीही. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला तोवर उशीर झाला होता. जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते जमेल तेवढं टिकवू, असं ते म्हणाले. मी सोबत होते. घरी येताना रिक्षात मी आतोबांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या चेहऱ्यासाठी आरशासमोर झटले तो चेहरा त्या दिवशी आपोआप त्यांच्या तोंडावर आला होता आणि मला तो अजिबात बघवला नाही.

तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तो टाकूनच दिला. आत्याला चेहरा नीट दिसत नव्हता, पण उसासा ऐकू येई, आणि उसासा ऐकला की ती हातातलं काम टाकून विचारी, "काय झालं हो?" दोन-तीनदा असं झाल्यावर आतोबांनी उसासे सोडायचं सोडलं. वाक्यं पूर्ण करायला लागले. दुकानातून त्यांनी वडिलांची छिन्नी आणि हातोडी घरी आणली, कारण मशीनने कोरलेलं अक्षर बोटाला लागत नाही, ठोकलेलं लागतं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांच्या झाकणांवर त्यांनी नावं ठोकली. साखर, मीठ, रवा, तूरडाळ, मोठ्या सुबक अक्षरांत. आत्याने एका फोडणीतच निकाल दिला. "अहो, बोटाने 'तूरडाळ' वाचेपर्यंत माझी मोहरी जळते." मग नवी झाकणं आली आणि साखरेला एक टिंब, मिठाला दोन, असं ठरलं. भाजीवाला आला की आतोबा तिच्या शेजारी उभे राहून सांगत, "वांगी काळपट आहेत, मेथी मात्र बघ कशी कोवळी." भाजीवाला वैतागे. पण या सगळ्या धडपडीतून ते मध्येच माझ्याकडे बघून हळूच विचारत, "सापडला का गं कुठे? अजून थोडं दिसतंय तिला." मी रोज इंटरनेटवर शोधत होते. सापडत नव्हता.

सापडला तेव्हा फार थोडं उरलं होतं. कोणा हौशी माणसाने जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरवून इंटरनेटवर चढवला होता. चित्र थरथरत होतं, कडेला पिवळे डाग होते, बघणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मी दुपारीच त्यांच्याकडे गेले आणि टीव्हीला जोडून दिला. आतोबा लहान मुलासारखे घरभर फिरले, सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढले, दाराच्या फटीला पायपुसणं लावलं. हा सिनेमा उजेडात बघणं म्हणजे अपमान, असं त्यांचं पहिल्यापासूनचं मत. आत्याही ठेवणीतली साडी नेसून आली होती. मी तिच्याकडे बघितलं, ती म्हणाली, "सिनेमाला जायचंय ना?" मग ती सोफ्यावर टीव्हीच्या अगदी जवळ बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, तेवढे पडदे उघडता का? अंधार केला की मला आहे तेही दिसत नाही." आतोबा उठले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक करून सगळे पडदे उघडले. नाशकाचं लख्ख ऊन थेट टीव्हीच्या पडद्यावर पडलं. मुळात काळाकुट्ट सिनेमा, तो त्या उन्हात आम्हा डोळसांनाही धड दिसेना.

"काळोखच आहे की हो सगळा," आत्या म्हणाली. "तेच तर आहे त्याचं," आतोबा अभिमानाने म्हणाले आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ते तिच्या शेजारी सरकून बसले आणि सांगायला लागले. "आता तो फाटकातून आत येतोय. छत्री आहे, पण उघडली नाहीये. वजनकाट्यावर कोणी नाही. नुसता दिवा हलतोय." आयुष्यभर हीच गोष्ट त्यांनी इतक्यांना सांगितली, पण अशी मी कधी ऐकली नव्हती. कुठे फुशारकी नाही, कुठे अर्धवट वाक्य नाही. एक एक वस्तू उचलून ते तिच्या हातात ठेवत होते. आणि अचूक. कारकुनाच्या टेबलावर दोन कप आहेत की तीन, यावरून हा माणूस एकदा आपल्या सख्ख्या साडूशी वर्षभर बोलला नव्हता. एकाने इन्स्पेक्टरची छत्री निळी म्हटली म्हणून त्याच्याकडून केस कापून घेणं त्यांनी सोडलं होतं. त्या सिनेमातलं पानही इकडचं तिकडे झालेलं त्यांना चालत नसे. आत्या मान थोडी कलती करून, संवाद पडद्यावरचे आणि बाकी सगळं त्यांच्या तोंडून ऐकत होती. इन्स्पेक्टर कुत्र्याकडे बघून हसला तेव्हा तीही हसली. त्याने मार खाल्ला तेव्हा "अगं बाई" म्हणाली.

शेवटाकडे सगळं त्याच्या हातून निसटतं. कारकुनाचं काय झालं ते त्याला कळतं, ज्याने केलं तोही कळतो, पण माणूस इतका मोठा की इन्स्पेक्टरचीच बदली होते. बदलीचा हुकूम घेऊन तो भर पावसात आपल्या क्वार्टरकडे चालत येतो. इथून पुढे संवाद नाहीत. मी सिनेमा पहिल्यांदाच बघत होते. दाराला कुलूप होतं. त्याने कुलूप हातात धरलं, हलवलं, सोडून दिलं आणि पायरीवर बसला, भिजत. एवढंच. बाकी कोणीही नव्हतं. कॅमेरा हळूहळू मागे सरकत होता.

आतोबा थांबले होते. आत्या म्हणाली, "काय चाललंय? काहीतरी वाजलं. कुलूप का?"

"हो," आतोबा म्हणाले. "कुलूप आधीच काढलेलं आहे. कडीला नुसतं लटकतंय." मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "दार उघडं आहे. आत दिवा लागलाय. त्याची बायको आलीय."

"माहेराहून?"

"माहेराहून. ट्रंक दाराशीच आहे अजून. पदर खोचून स्टोव्ह पेटवतेय."

"आणि हा?"

"हा उभा आहे दारात. ओला. पाय पुसायचेसुद्धा सुचत नाहीये त्याला."

"काही बोलली का ती?"

"चहा ठेवलाय म्हणाली."

पडद्यावर इन्स्पेक्टर आता अगदी लहान दिसत होता, पायरीवर बसलेला. आत्या जरा पुढे झुकली. "मला नाही ऐकू आलं."

"हळू म्हणाली," आतोबा म्हणाले.

सिनेमा संपला, नावं सरकायला लागली. मी आवाज बंद केला. आत्याला ते पटलं होतं की सगळं कळलं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि विचारणार तर मुळीच नाही. मग तिने पदर सारखा केला, चाचपत आतोबांचा हात शोधला आणि म्हणाली, "चांगला होता हो सिनेमा. चालायला हवा होता."

इतक्या वर्षांत हे त्यांना दुसऱ्या कोणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही. आतोबा नुसते मान हलवत राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की मान हलवलेली तिला दिसत नाही, आणि त्यांनी मोठ्याने, स्वच्छ आवाजात "हो" म्हटलं.